नाव तरी नीट छापायचं होतंस

बसू,

तुझ्या शोकसभेत त्यांनी बासरी वाजवली. खरी नव्हे, मोबाइलमधली, स्पीकरला वायर जोडून. माणूस बोलायला उभा राहिला की बासरी सुरू. त्याचा गळा दाटला की आवाज जरा मोठा. तो खाली बसला की बंद. या एका कामाला एक माणूस खास बसवला होता आणि तो ते मन लावून करत होता. मी दुसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलो होतो आणि मला खरोखर मळमळत होतं. अलंकारिक नाही सांगत. तोंडात पाणी सुटतं ना उलटीच्या आधी, तसं.

मागं फ्लेक्स. त्यावर तुझ्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, डोक्याला फेटा, चेहऱ्यावर फेटा काढायची घाई. वर लिहिलेलं, ‘भावनांचा महासागर आटला’. महासागर! आणि तो कोण, तर तू. ज्याची तीन पुस्तकं एकावर एक ठेवली तरी माझ्या लग्नपत्रिकेच्या कॅटलॉगएवढी जाड होत नाहीत.

आठ जण बोलले. त्यातल्या किमान सहांनी तुझी एक ओळ वाचलेली नव्हती. एकाला तू बापाच्या ठिकाणी होतास, दुसऱ्याला मोठ्या भावाच्या. तिसऱ्यानं तुझ्यावर सकाळीच केलेली कविता म्हटली, त्यात ‘बसवराज’ आणि ‘कविराज’ असं जुळवलं होतं. मग जॅकेट उभा राहिला. तुझाच शब्द. जिल्हाभर कविसंमेलनं भरवत फिरणारा तो संयोजक, एप्रिलच्या उन्हातही जॅकेट घालून येणारा. त्यानं डोळे मिटले, बासरीवाल्याकडं बोट केलं आणि म्हणाला, “आता सरांची सर्वांत गाजलेली कविता. लेक गेल्यावर बापाच्या काळजातून निघालेली.”

आणि त्यानं ती ओळ म्हटली.

“चिमणी गेली उडून माझी, घरट्यात उरले पीस,
तुझ्यावाचून बाप तुझा गं जन्माचा कासावीस.”

सभागृह रडलं, बसू. माझ्या शेजारच्या बाईनं हुंदका दिला. मागून कुणीतरी “वा, वा” म्हणालं. शोकसभेत वा, वा. पहिल्या रांगेत महानंदा वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

ती ओळ तुझी नाही. माझी आहे. हे तुला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं. चौथा तुझा साडू, तो बोलणार नव्हता.

आपण नांदेडला होस्टेलवर एका खोलीत राहिलो. मी उमरीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, तू उदगीरच्या कापड दुकानदाराचा. मी मोठ्यानं कविता म्हणायचो, तू कपडे वाळत घालता घालता ऐकायचास आणि शेवटी म्हणायचास, “माणक्या, आवाज चांगला हाय तुझा.” कवितेबद्दल कधीच काही नाही. मला वाटायचं तू कौतुक करून राहिलास. कळायला दोन वर्षं गेली.

पुढं तू तिथंच मास्तर झालास, मी लातूरला सासऱ्यांचा प्रेस सांभाळायला गेलो. तुझी तिन्ही पुस्तकं मी छापली. पहिलं शिशाचे खिळे जुळवून, शेवटचं कॉम्प्युटरवर. इतर कवी प्रूफ तपासायला आले की शब्द वाढवतात, अजून एक कडवं सुचलंय म्हणतात. तू लाल पेन घेऊन यायचास आणि कापायचास. चोवीस ओळींची कविता नऊवर आली की मला विचारायचास, “आता?”

“पान मोकळं दिसतंय.”

“मोकळंच पाहिजे.”

लातूरच्या पाणीटंचाईवरची तुझी कविता आठवते. तीत एक ओळ होती, नळ आला तेव्हा आईच्या डोळ्यांतही पाणी आलं, अशी. मला ती फार आवडली होती. तू ती कापलीस. मी भांडलो. म्हणालो, “अरे तीच तर कविता हाय! बाकी काय, नळ आन् भांडी.”

“नळाला पाणी आलंय ना? तेवढं पुरे. डोळ्यांतलं कशाला?”

“वाचणाऱ्याला रडू यायला पाहिजे.”

“का? त्यानं काय बिघडवलंय आपलं?”

शेवटी तीनच ओळी राहिल्या. ‘नळ आला. कुणी बोललं नाही. भांडी सरकत राहिली.’ मी नाखुशीनं छापल्या. आणि नंतर गल्लीतल्या नळावर बायको रांगेत घागर पुढं सरकवत होती, तिचा चेहरा बघून मला त्या ओळी आठवल्या, आणि मला भररस्त्यात कसंतरीच झालं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू जिंकला असतास म्हणून.

तुझं सगळं तत्त्वज्ञान तुझ्या बापाच्या दुकानातलं होतं. ते कापड मोजताना तुला शिकवायचे, पोरा, कापड ताणून मोजू नको. ताणून मोजलं की गजावर जास्त भरतं. गिऱ्हाईक घरी नेतं, धुतं, आणि मग कळतं की कमी पडलंय. तू म्हणायचास, “भावनेचं तसंच असतंय बघ. मोजताना ताणायची न्हाई. आहे तेवढी ठेवायची टेबलावर. ताणली की त्या वेळेला लई भरल्यासारखी वाटती, आन् धुतली की आखडती.” मी विचारायचो, मग ज्या भावनेत भरपूर कापड आहे तिनं काय करायचं? तू हसायचास. “भरपूर असलं की ताणायची गरजच न्हाई की बे.”

माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका तू केलीस. कृपेकरून, चि. सौ. कां., मंगल परिणय, सगळं उडवलंस. दोघांची नावं, दिवस, जागा, आणि खाली ‘जेवायला थांबा’. माझे चुलते चिडले, म्हणाले ही काय पत्रिका हाय का निरोप? पण ते थांबले जेवायला. सगळेच थांबले.

आणि मी काय करत होतो? मी लातूरला कार्डं छापत होतो. लग्न, बारसं, वास्तुशांत, आणि पुण्यस्मरण. पुण्यस्मरणाच्या कार्डावर लोकांना दोन ओळी लागतात. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली. त्या मीच करून ठेवायचो. आईवर वेगळ्या, बापावर वेगळ्या, जवान पोरावर वेगळ्या. चिमणीवाली औशाच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीसाठी केली होती पहिल्यांदा. मग तीच सात जणींच्या कार्डांवर गेली. मुलगा असला की ‘पाखरू गेले उडून माझे’, आणि ‘तुझा गं’च्या जागी ‘तुझा रे’. लोक वाचून माझ्या काउंटरवर रडायचे आणि मला बरं वाटायचं. आपण कवी झालो नाही, पण रडवता येतं, असं वाटायचं.

मग तुझी गौरी गेली.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ताप आला आणि नवव्या दिवशी गेली. मी आलो तेव्हा तू दारात उभा होतास. म्हणालास, “ये. चहा घे.” मी तुला मिठी मारायला गेलो तर तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस. तू रडला नाहीस. त्या दिवशी नाही, नंतर नाही, निदान कुणासमोर नाही. लोक बोलायला लागले. एवढा मोठा कवी, पोटची पोर गेली आणि एक ओळ नाही.

सहा-सात महिन्यांनी लातूरच्या एका कॉलेजात तुझं व्याख्यान होतं. कविता आणि संयम. मी मागच्या बाकावर होतो. तू चांगलं बोललास, कापडाचं सांगितलंस. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, सर, तुम्ही तुमच्या मुलीवर का लिहिलं नाही? तू चष्मा काढलास, पुसलास आणि म्हणालास, “काही गोष्टी शब्दांच्या पलीकडं असतात.” काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या.

वर्षश्राद्धाच्या वेळी तुझा साडू माझ्याकडं आला. म्हणाला कार्डं छापायचीत, भावजींना विचारू नका, ते काही बोलायच्या अवस्थेत न्हाईत. फोटो दिला. म्हणाला दोन ओळी टाका, खाली ‘बाबा’ लिहा. मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला. मला वाटलं, हा दगड बोलत नाही तर आपण बोलू याच्या वतीनं. यात माया होती. पण त्यात दुसरंही काही होतं, ते मी आता सांगतो. मला एकदा तुझ्या नावावर माझी ओळ छापायची होती. मला बघायचं होतं की लोक रडतात का.

तीनशे कार्डं गेली.

तू सकाळच्या एसटीनं लातूरला आलास. मशीन चालू होतं. तू खिशातून कार्ड काढून कटिंगच्या टेबलावर ठेवलंस.

“हे कुणी लिहिलं?”

“छापलंय मी.”

“छापलंस ते दिसतंय. लिहिलं कुणी?”

“मीच. जुनं हाय. सगळे घेतात.”

“खाली बाबा कुणी घातलं?”

“तुझ्या साडूनं सांगितलं.”

“साडूची पोर मेली का?”

तुझा आवाज चढलेला नव्हता. तेच मला सहन झालं नाही. चढला असता तर मी पाय धरले असते. मी म्हणालो, “मग तू लिही की. वर्ष झालं. आसू न्हाई की ओळ न्हाई. पोरीची आई तिकडं झुरून राहिली आन् तू संयम संयम करत व्याख्यानं देत फिर. दगड हायस तू बसू. दगड.”

तू लाल पेन काढलंस. मला वाटलं ती ओळ खोडशील. तू तिला हात लावला नाहीस. वर, फोटोच्या खाली, नावावर एक गोल केलास. मी ‘गौरि’ छापलं होतं. ऱ्हस्व. तीनशे कार्डांवर.

“नाव तरी नीट छापायचं होतंस,” म्हणालास, आणि पेनाचं टोपण लावून निघून गेलास. मी स्टँडपर्यंत मागं आलो नाही. का आलो नाही, याचं उत्तर मी या बारा दिवसांत शोधतोय. मशीन चालू होतं, एवढंच सापडतं.

त्यानंतर अकरा महिने ना फोन ना भेट. पाडव्याला मी फोन केला. तू उचललास.

“काय करून राहिलास?”

“बसलोय.”

“बरंय.”

“हाव.”

हे आपलं शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या दोस्तीचा शेवट चार ओळींत. तुला आवडला असता.

तू गेल्याचा फोन सकाळी साडेदहाला आला. मी पोचलो तोवर तुला बसवलं होतं, तुमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, तळहातावर इष्टलिंग, पाठ ताठ. दवाखान्यात आठ दिवस आडवा पडलेला माणूस सगळ्यांसमोर नीट बसला होता. मला ते बघून एकदम धीर आला, का कोण जाणे. वाटलं, हा ऐकतोय. आणि मग स्मशानात जॅकेटनं खड्ड्याच्या काठावर उभं राहून मोबाइल धरला. लाइव्ह. स्वामी मंत्र म्हणत होते, लोक बेलपानं टाकत होते, आणि हा हळू आवाजात मोबाइलला सांगत होता, “मित्रहो, एका युगाचा अस्त.” मग वाकून तुझा चेहरा जवळून घेतला. तू डोळे मिटून बसला होतास. कुणाचीतरी भिकार कविता संपायची वाट बघताना बसायचास, अगदी तसा. मला त्याला खड्ड्यात ढकलावंसं वाटलं. ढकललं नाही. माती टाकली आणि बाजूला झालो. मला शिसारी आली ती त्याचीच नाही. तिथं जमलेल्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात मोबाइल होता.

त्या रात्रीपासून ती ओळ फिरायला लागली. साडूकडं कार्ड होतं, त्याचा फोटो कुणीतरी टाकला. ‘सरांची शेवटची कविता.’ चार दिवसांत मला ती सतरा ठिकाणांहून आली. एकीनं ती गाऊन पाठवली होती, मागं उडणाऱ्या चिमणीचं चित्र. तुझी नळाची कविता कुणीही पाठवली नाही. कुणीही. बसू, आयुष्यभर तू कापलंस, आणि उरलं काय, तर मी चिकटवलेलं.

तर, शोकसभा. जॅकेट ओळ म्हणून डोळे पुसत होता तेव्हा मी उठलो. स्टेजवर गेलो आणि माइक घेतला. बासरीवाल्यानं सवयीनं बासरी सुरू केली. मी म्हणालो, “ते बंद करा.” त्यानं केलं.

मी म्हणालो, “ही ओळ बसवराजची न्हाई. माझी हाय. लातूरला माझा प्रेस हाय. पुण्यस्मरणाच्या कार्डासाठी केलेली ओळ हाय ही. त्याआधी सात मुलींच्या कार्डावर छापली. त्याला न विचारता त्याच्या नावावर छापली. त्यानं असलं कधी लिहिलं न्हाई. लिहिलं नसतं.”

मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. लोक चिडतील, मला शिव्या देतील, जॅकेटचं तोंड उतरेल. मग जॅकेटनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक अलगद काढून घेतला आणि म्हणाला, “मित्राच्या वियोगानं माणूस किती हळवा होतो बघा. सरांचं दुःख यांनी आपलं मानलं, इतकं की सरांची ओळही यांना आपली वाटते. याला म्हणतात मैत्र!”

टाळ्या. आणि बासरी पुन्हा सुरू.

मी खाली उतरलो. बाहेर पायऱ्यांवर एक माणूस माझ्या मागं आला. मला वाटलं हा तरी काही बोलेल. म्हणाला, “साहेब, प्रेस तुमचा म्हणालात ना? आमच्या आत्याचं वर्षश्राद्ध हाय पुढच्या महिन्यात. अशाच दोन ओळी पाहिजेत. नंबर देता का?”

आणि मी दिला. हातानं खिशातून कार्ड काढलं आणि दिलं. तीस वर्षांची सवय. जॅकेटची किळस मला येते ती खरी, पण त्या पायरीवर मला माझ्या हाताची जी किळस आली तिच्यापुढं ती काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनींकडं गेलो. माफी मागायला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि चहा ओतता ओतता म्हणाल्या, “भावजी, ती ओळ मला आवडली होती.”

त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला.

“नाव चुकलंय, मला दिसतंय की. तरी ठेवलंय मी ते कार्ड, कपाटात. पहिल्यांदा वाचलं तवा मी खाली बसून रडले. वर्षभरात तसं रडायला मिळालं न्हवतं. घरात आम्ही दोघंच. मी रडाय लागले की हे उठायचे आन् पाणी आणून द्यायचे. पाणी! मला काय तहान लागली होती का?”

“वहिनी, त्याचा स्वभाव तसा होता. तो संयम—”

“संयम बियम काय न्हाई भावजी.” देगलूरच्या बाईचं स्पष्ट बोलणं, तुला माहीत आहे. “मीच म्हणलं होतं त्यांना, लिहा. माझ्यासाठी लिहा, छापू नका, मला वाचून दाखवा नुसतं. तर रोज सकाळी बसायचे. टेबलावर कागद. आंघोळीची वेळ होईपर्यंत बसायचे. कागद कोरा. रोज. मी केर काढताना बघायची ना. एकदा विचारलं, का हो? तर म्हणाले, जमत न्हाई. एवढंच. जमत न्हाई.”

पाडव्याला तू मला म्हणाला होतास, बसलोय.

मी चहा तसाच ठेवला आणि, तुला सांगतो, मला तुझा राग आला. फार राग आला. तुला जमत नव्हतं, आणि आम्ही त्याला संयम म्हणत होतो, आणि तू आम्हाला म्हणू देत होतास. त्या कॉलेजात त्या पोरीनं सरळ विचारलं होतं. तिला सरळ सांगता आलं असतं की बाळ, मी रोज बसतो आणि मला येत नाही. त्याऐवजी चष्मा पुसलास. शब्दांच्या पलीकडं! बसू, ते ताणलेलं कापड होतं. माझ्या चिमणीइतकंच ताणलेलं. फक्त तुझं कापड उंची होतं म्हणून कुणाला कळलं नाही. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आणि घरात तू तिला पाणी देत होतास.

हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. प्रेसमध्ये त्या दिवशी दगड म्हणालो ते चुकीचं होतं, दगड रोज सकाळी कागद घेऊन बसत नाही. पण खोटं बोललास, ते म्हणायचं होतं. तू काय उत्तर दिलं असतंस ते मला ऐकू येत नाही. दरवेळी येतं, या वेळी नाही येत.

राग ओसरला तो संध्याकाळी, लातूरच्या बसमध्ये. अहमदपूरच्या आसपास. माझ्या लक्षात आलं की तुला माझ्यासारखं कधीही करता आलं असतं. तुझ्या हाताला सगळी मापं येत होती. चिमणी, पीस, कासावीस, बसल्या बैठकीला चाळीस ओळी काढल्या असत्यास, बायको रडली असती, गाव रडलं असतं, दगड म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. माझंही. तू दोन वर्षं तो कागद कोरा उचलून ठेवलास. खोटं तू लोकांत बोललास. कागदावर नाही बोललास. हे मोठं आहे की नाही, मला ठरवता येत नाही. वहिनींना त्याचा काही उपयोग झाला नाही, हे मात्र खरं.

प्रेसवर आल्यावर मी त्या पायरीवरच्या माणसाला फोन केला. म्हणालो, आत्याचं नाव सांगा, शुद्ध, एकेक अक्षर. ओळी मिळणार न्हाईत. तो म्हणाला, मग दुसरीकडं बघतो. मी म्हणालो, बघा. यात मी काही फार केलं असं नाही. त्याला दुसरीकडं मिळतील. माझ्याच मिळतील, आता त्या सगळीकडं आहेत.

काल पुन्हा नांदेडला गेलो होतो. समाधीच्या दगडासाठी वहिनींनी बोलावलं होतं. म्हणाल्या, अक्षरांचं तुम्हाला कळतं, सोबत चला. जॅकेटनं मजकूर लिहून पाठवला होता, ‘शब्दप्रभू’पासून सुरुवात. वहिनींनी तो वाचला आणि भाजीच्या पिशवीत ठेवून दिला. लातूर फाट्याजवळ ग्रॅनाइटचं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदार तरुण होता, अंगभर पांढरी भुकटी. वहिनींनी काळा दगड निवडला, हात फिरवून.

“नाव काय टाकू?”

“बसवराज.”

“पुढं?”

“पुढं काय न्हाई.”

“मावशी, एवढा मोठा दगड घेतलात. खाली सगळा रिकामा दिसंल.”

“राहू द्या. माझं नाव यायचंय तिथं.”

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, रस्त्यावर एक ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत मी त्याच्याकडंच बघत राहिलो. मग त्या पोरानं टेप लावली, मापं घेतली आणि दगडाच्या बरोबर मधोमध एक आडवी रेघ मारली. वर तू, खाली त्या.

वहिनी जरा मागं सरकल्या. मान तिरकी करून त्यांनी रेघ बघितली.

“थोडी वर घ्या,” त्या म्हणाल्या. “त्यांना जास्त जागा लागत न्हाई.”